अहो, जरा…

भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. ही बहीण हल्ली कुठे राहते ते पाहायचं असेल, तर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास मुलुंड, बोरिवली, अंधेरी, कुठल्याही स्टेशनाजवळच्या उडप्याकडे जावं. पंख्याखालच्या टेबलावर एक गृहस्थ बसलेले असतात. वय पन्नाशीच्या पुढेमागे, शर्टाच्या खिशात पेन, पायाशी भाजीची पिशवी. समोरच्या प्लेटमध्ये दीड इडली उरलेली आणि चटणीची वाटी चाटूनपुसून स्वच्छ. गृहस्थ वेटरची वाट पाहताहेत. पण ते वेटरच्या लक्षात येऊ नये अशा बेताने पाहताहेत. हे आपलं भिडस्त गिऱ्हाईक.

एरवी हा माणूस मुखदुर्बळ अजिबात नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत पाहुण्यांच्या पार्किंगवर बोलायला उठला की सेक्रेटरी घड्याळ काढून ठेवतो. विरार गाडीत चढून बोरिवलीला उतरण्याची हिंमत त्याने तारुण्यात दाखवलेली आहे. पण चटणी मागायची म्हटली की त्याचा घसा बसतो.

सुरुवात तो खाकरण्यापासून करतो. आत मिक्सर चालू, गल्ल्यावरून ‘दोन मेदूवडा पार्सल’चा पुकारा, त्यात हे खाकरणं वेटरपर्यंत पोचत नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाई मात्र नाकाला रुमाल लावतात. मग तो स्टीलचा पेला किंचित सरकवतो. तेवढ्याने भागलं नाही की हात. हा हात बघण्यासारखा असतो. कोपर टेबल सोडत नाही, बोटं कशीबशी कानाच्या पाळीपर्यंत पोचतात, आणि नेमका त्याच क्षणी वेटर पाठ फिरवतो. आता वर गेलेला हात तसाच खाली कसा आणायचा? चार लोक बघत असतात (कोणीही बघत नसतं). म्हणून तो हात केसांतून फिरतो. पुढच्या खेपेला चष्मा सारखा करतो. त्याच्या पुढच्या खेपेला गृहस्थ मान वर करून पंख्याकडे बघतात, जणू हात पंख्यासाठीच वर केला होता.

खरी पंचाईत हाक काय मारायची इथे आहे. ‘वेटर’ असं तोंडावर म्हणणं त्याला कसंसंच वाटतं. ‘अण्णा’ म्हणावं, तर गल्ल्यावरचे शेट्टी मान वर करतात, आणि मालकाला का चटणी सांगायची? ‘दादा’ म्हणावं, तर पोरगा आपल्या धाकट्यापेक्षा लहान. ‘भैया’ दिल्लीत चालतं, पण मुंबईत त्या शब्दाला इतकं राजकारण चिकटलंय की इडलीबरोबर ते नको. ‘बॉस’ सगळ्यांना चालतं. पण तीस वर्षं ऑफिसात ज्याला बॉस म्हटलं त्याची आठवण येऊन तोंडची चव जाते. म्हणून सगळी चाळणी लावून उरतं ते ‘अहो, जरा…’. रविवारी सकाळी मुलुंडच्या हॉटेलात ‘अहो’ म्हटलं की तीन टेबलांवरचे नवरे दचकून बघतात. वेटर तेवढा बघत नाही. तो ओडिशाहून आलेला असतो, आणि ‘अहो’ म्हणजे आपण हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

अखेर हिंदी. ‘भाईसाब, थोडा चटणी मिलेगा क्या? जल्दी नहीं है.’ यातलं ‘जल्दी नहीं है’ हे पदरचं. एखादे वेळी समोरून उत्तर येतं, ‘काका, मराठीत बोला की, मी देवरुखचा.’ गृहस्थ ओशाळतात. प्रायश्चित्त म्हणून देवरुखच्या पावसाची चौकशी करतात, कोकण रेल्वेच्या तिकिटांची करतात, घरी कोण कोण असतं तेही विचारतात. पोरगा समाधानाने निघून जातो. चटणी राहतेच.

त्याच्या वडिलांची ही अडचण नव्हती. ते ‘ए पोऱ्या!’ म्हणत, नाहीतर नुसतं ‘शुक शुक’ करत. तेव्हाचा पोऱ्या खरंच पोऱ्या असायचा, दहा-बारा वर्षांचा, खांद्यावर ओलं फडकं टाकलेला. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेलात आणि ढाब्यावर चौदा वर्षांखालचं मूल कामाला ठेवायला कायद्याने बंदी आली, आणि ती हाक जायला हवी होती ती, थोडी उशिरानेच, गेली. शिवाय त्या काळात हॉटेलात ओरडायची लाज कोणालाच नव्हती. इराण्याकडे बिलाचा कागद नसे. गिऱ्हाईक उठलं की वेटर जागेवरूनच ओरडे, ‘काली टोपी, बारा आना!’ आणि टोपीने किती खाल्लं ते अख्ख्या हॉटेलला कळे. आपला भिडस्त गृहस्थ तिथे पाण्यावरच उठून आला असता.

वेटरला बोल लावायला मात्र जीव होत नाही. रविवारी सकाळी त्याच्याकडे सहा-आठ टेबलं असतात, सगळ्या ऑर्डरी डोक्यात, आणि बाहेर फुटपाथवर नंबर लावून उभी असलेली मंडळी आतल्यांच्या घासांवर नजर ठेवून असतात. तो भिंतीवरच्या घड्याळाच्या उंचीवर नजर ठेवून चालतो, कारण नजर खाली आली की कोणीतरी ती पकडणार. ती पकडायची हिंमत आपल्या माणसात नाही. म्हणून तो हमखास चुकीचा माणूस पकडतो. उडप्याकडे प्रत्येकाचं काम ठरलेलं: पाणी ठेवणारा वेगळा, टेबल पुसणारा वेगळा, ऑर्डर घेणारा वेगळा. टेबल पुसणारा पोरगा वयाने लहान आणि चेहऱ्याने गरीब, तेव्हा गृहस्थ त्यालाच बघून हसतात आणि मानेने वाटीकडे खूण करतात. पोरगा त्याच्या परीने बरोबर अर्थ लावतो आणि उरलेली दीड इडली वाटीसकट उचलून नेतो. आणि गृहस्थ? ते ‘थँक यू’ म्हणतात!

घाटकोपरला याच माणसाची दुसरी तऱ्हा दिसते. तिथल्या गुजराती थाळीच्या हॉटेलात वेटरला बोलवावंच लागत नाही. अडचण त्याला घालवायची असते. काही थाळीवाल्यांकडे वाढपी एकमेकांशी बोटांच्या खुणांनी बोलतात: या खुणेला डाळ, त्या खुणेला फरसाण. आपल्या गृहस्थाने नाक खाजवलं तरी कुठूनतरी कढी येते. नको म्हणणं म्हणजे वाढणाऱ्याचा अपमान, असं त्याला लहानपणी पंक्तीत शिकवलेलं. तो दोन्ही हात ताटावर आडवे धरतो, तर त्यांच्यामधल्या फटीतून पुरणपोळी सरकते आणि मागोमाग तुपाची धार मनगटावरून आत जाते. घरी जाताना तो स्टेशनपर्यंतही चालू शकत नाही, रिक्षा करतो. अर्थात ती रिक्षाही बायकोच थांबवते.

जपानमधल्या बऱ्याच कौटुंबिक हॉटेलांत टेबलावरच बटण असतं, दाबलं की वेटर हजर. आपल्या गृहस्थाचा जन्म खरा तिथलाच, असं मला वाटायचं. पण विचार केल्यावर वाटतं, आत घंटा जोरात वाजली तर काय, म्हणून यानं तेही दाबलं नसतं.

भिडेचं बिल शेवटी भरावंच लागतं, आणि ते अंधेरीला लिंक रोडवर. मुलीच्या प्रमोशनची पार्टी, खुर्च्या इतक्या मऊ की हात वर करायला आधी सरळ बसावं लागतं. बिल येतं. त्यात जेवणाच्या खाली दहा टक्के सर्व्हिस चार्ज. आता या विषयावर गृहस्थांचा अभ्यास दांडगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या की हॉटेलवाल्यांनी हा आकार आपणहून बिलात लावू नये; हॉटेलांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. ही बातमी सोसायटीच्या ग्रुपवर सर्वांत आधी यानेच टाकलेली, खाली ‘जागो ग्राहक’ असं लिहून. आज तो बिलावरच्या त्या ओळीवर बोट ठेवतो. सूट घातलेला मॅनेजर वाकून ‘एनी प्रॉब्लेम, सर?’ विचारतो. बोट तसंच पुढे सरकून जीएसटी नंबरावर जातं. ‘नाही नाही, फूड छान होतं,’ म्हणून गृहस्थ पूर्ण पैसे भरतात, वर शंभराची टिप ठेवतात, आणि घरी आल्यावर ग्रुपवर तीच बातमी पुन्हा टाकतात.

टाळ्या वाजवणारी, टेबलावर चमचा आपटणारी, वेटरच्या शर्टाची बाही ओढणारी एक जात आहेच, आणि तिच्यापेक्षा हा माणूस शंभर पटींनी बरा. पण वेटरच्या पायांचा हिशोब मांडला तर फारसा फरक पडत नाही. हा आधी पाणी मागतो, कारण पाणी मागायला भीड कमी. पाणी आलं की धीर करून चटणी. चटणी आली की सांबार. आणि सांबार येतं तेव्हा इडली संपलेली, म्हणून आणखी एक इडली. संकोचापायी एकाच पोराला चार फेऱ्या घालायला लावणारं गिऱ्हाईक ऐकायला सभ्य. पण त्या पोराच्या पोटऱ्यांना सभ्यता कळत नाही.

तेव्हा अशा गृहस्थांना, आणि ते वाचत असतील तर त्यांच्या सौभाग्यवतींनाही, एवढीच विनंती. हात खांद्याच्या वर न्या, तळवा उघडा ठेवा, नजर जुळेपर्यंत खाली घेऊ नका. ‘भाऊ’ म्हणा, देवरुखच्याला चालतं, जौनपूरच्यालाही कळतं. आणि पाणी, चटणी, सांबार, इडली, चारही एका दमात सांगा. बाहेर फुटपाथवर नंबर लावलेले आम्ही आहोत.