पान नंबर ३४

आमच्या बाथरूमच्या छतातून मिनिटाला १४ थेंब गळतात. हा आकडा माझा नाही. वरच्या मजल्यावरच्या टेपकाकांनी खाली येऊन, माझ्याच बादलीशेजारी माझ्याच स्टुलावर बसून, मनगटावरच्या घड्याळावर तो काढला. मग कानावरची पेन्सिल उतरवून वहीत टिपून घेतला आणि मला धीर दिला, "काळजी करू नकोस. तुझा थेंब पान नंबर ३४ वर आहे."

हे पान टेपकाकांच्या घराच्या रिनोव्हेशनच्या फाइलमधलं. आमची सोसायटी १९८६ सालची, फाइल २०११ सालची. काकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण पट्ट्याला पाच मीटरचा टेप अडकवल्याशिवाय ते दूध आणायलासुद्धा बाहेर पडत नाहीत. एकदा मंगल कार्यालयात पंगत बसली असताना त्यांनी वरणभात यायच्या आत टेबलाची उंची मोजली. "तीस इंच. जेवायला योग्य," असा निकाल दिला आणि मगच वाढप्याला पुढे येऊ दिलं.

घर पाहावं बांधून, असं पूर्वजांनी सांगून ठेवलंय. काकांची जात त्यांना माहीत नसावी. ही माणसं घर बांधून पाहत नाहीत आणि मोडूनही पाहत नाहीत. मोजून पाहतात.

ज्ञानाबद्दल मात्र शंका नको. तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने वायरचं बंडल काढायच्या आत काका त्यालाच ऐकवतात, "दिव्यांना दीड, प्लगला अडीच, गीझरला चार चौरस मिलिमीटर. कमी देऊ नका." टिंबर मार्केटात प्लायवूडवर टकटक करून ते कलिंगड घेतल्यासारखा कान लावतात. "पाण्याच्या जागी आयएस ७१०, कोरड्या जागी ३०३ चालेल," हे आकडे गोत्र-प्रवर सांगावेत तसे सांगतात. फरशीचा विषय निघाला की भूगोल सुरू होतो. "बघ, जुनी फरशी शहाबादची, ओटा कडप्प्याचा, नवी टाइल मोरबीची. पुणेकराच्या घरात पुण्याचं काय? धूळ!" त्या नव्या टाइलचे ११ नमुने घरात आहेत. काकू त्यांच्यावर गरम पातेली ठेवतात.

काकूंची मागणी पहिल्यापासून एकच होती. ओटा थोडा उंच करा, पाठ दुखते. त्यावर काकांनी दोन वर्षं अभ्यास केला. काकूंना भिंतीला टेकवून, हातात लाटणं देऊन, कोपरापासून जमिनीपर्यंत मापं घेतली; चपला घालून एकदा, चपलांशिवाय एकदा. ३२ इंच की ३४, हे ठरेना. "तुमचं ठरेपर्यंत माझीच उंची इंचभर कमी झाली," असं काकू म्हणाल्या, तेव्हा काकांनी गंभीरपणे टेप काढला.

अंदाज द्यायला आजवर सात मिस्त्री येऊन गेले. मिस्त्री बापडा भिंतीवर वीत टाकत "होऊन जाईल साहेब" म्हणतो. काका त्याला खुर्चीवर बसवून तोंडी परीक्षा घेतात. आधी झिरी मारायची की आधी वॉटरप्रूफिंग? बाथरूमच्या तळात पाणी किती तास साठवून ठेवशील? तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटचं काय होतं? त्याचा जोर कमी होतो, हे उत्तरही तेच देतात. चहा पिऊन मिस्त्री जातो तो पुन्हा येत नाही. अपवाद एकच. एक जण नियमित येतो, पण दुसरीकडच्या कामात काही अडलं की विचारायला.

मुहूर्ताचं तर विचारूच नका. मार्चमध्ये परीक्षा, कारण नातवाचा अभ्यास. मे महिन्यात पाण्याची बोंब. जूनपासून भिंतींना ओल, रंग वाळत नाही. २०२३ साली पावसाळ्यात मन घट्ट केलं होतं, तर श्रावणच अधिक आला. पुढे पितृपक्ष. दिवाळीत कारागीर गावाला, ते परत येईपर्यंत लग्नसराई. पण काका काम टाळतात असं म्हणाल तर तो अन्याय होईल. एकदा त्यांनी खरोखर मुहूर्त धरला होता. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, गुढीपाडवा. सोसायटीचं ना हरकत पत्र घेतलं, राडारोड्याची अनामत भरली, मिस्त्रीला नारळ दिला. तो पाडवा होता २५ मार्च २०२०. आदल्या रात्री आठ वाजता टीव्हीवर देशभर टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी काकांनी गुढी उभारली, खाली वाकून मला हाक मारली आणि म्हणाले, "बरं झालं. पान नंबर ९ वर एक चूक सापडली."

आणि तरीही काकांचं घर बदललेलं आहे. ते फक्त दिसत नाही. नवं डायनिंग टेबल कुठे येणार हे कळावं म्हणून त्यांनी वर्तमानपत्रं चिकटवून टेबलाच्या मापाचा कागद हॉलमध्ये अंथरला. सहा फूट बाय साडेतीन. भिंतीवर खडूने कपाट काढलं. पॅसेजात डोक्यावर सुतळी बांधली, तो माळा. पुढे वर्तमानपत्रं फाटली, खडू पुसला गेला, सुतळी काकूंनी लोणच्याच्या बरणीला बांधली. पण फर्निचर राहिलंच. घरातली माणसं टेबलाला वळसा घालून जातात. नातू माळ्याखालून वाकून पळतो. एकदा मी गप्पा मारत सोफ्याजवळ उभा होतो, तर काकू म्हणाल्या, "अरे, बाजूला हो. फ्रिजमध्ये उभा आहेस तू."

बाकी १५ फ्लॅट या काळात खरोखर पालटले, आणि ते सगळे काकांच्या देखरेखीखाली. ओळंबा लावून त्यांनी माझ्या बाथरूमची टाइल दोनदा उखडायला लावली, नहाणीचा उतार गोटी सोडून तपासला आणि वर स्वतः पसंत केलेलं पांढरंशुभ्र फॉल्स सीलिंग बसवून घेतलं. याच सीलिंगमधून आता त्यांच्याच बाथरूमचं पाणी गळतं. निदान तेवढी मोरी तरी फोडा, असं मी हात जोडून सांगितलं. काका दुखावले. "मलमपट्टी करायची नाही रे. एकदाच काय ते समग्र करू."

परवा रात्री मात्र कहर झाला. दिवे गेलेले, मी तोंड धुवायला वाकलो आणि थेंब नेमका मानेत पडला. चौदा वर्षांचा संयम संपला. तणतणत जिना चढलो, दार वाजवलं. काकूंनी दार उघडलं. आत मिट्ट काळोख. काका पलीकडे खिडकीशी बसले होते. आज स्पष्टच बोलायचं, असं ठरवून मी तरातरा त्यांच्याकडे निघालो.

अर्ध्यावर पोचलो तेवढ्यात काकूंना हसू फुटलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या काळोखात मी पॅसेजात वाकलो होतो, फ्रिजला उजवी घातली होती आणि आता डायनिंग टेबलाला वळसा घालत होतो.

काका उठून उभे राहिले. त्यांचा आवाज भरून आला होता. "बघ! अंधारात, न बघता, कुठेही न धडकता! टेबल आणि भिंतीमधे तीन फूट पुरतात, हे मी २०१४ सालापासून सांगतोय. कुणी मानत नव्हतं."

त्यांनी बॅटरी मागवली, फाइल काढली आणि माझ्या नावानिशी नोंद केली. माणसाच्या आनंदाच्या क्षणी गळतीची तक्रार काय करायची? काकूंनी दिलेली खोबऱ्याची वडी खाऊन मी टेबलाला वळसा घालून परत निघालो.

खाली आलो. बादली भरली होती, ती ओतून पुन्हा जागेवर ठेवली आणि स्टुलावर बसलो. झोप गेलीच होती, म्हणून मोबाइलच्या उजेडात घड्याळ लावून मोजलं. १७.

उद्या सकाळीच काकांना सांगायला हवं. पान नंबर ३४ वर दुरुस्ती करावी लागेल.