मेंदी नव्हे हो, शाई!

अहो वहिनी, मेंदी कसली आलीय या वयात! शाई आहे ती, प्रिंटरची. तीन दिवस झाले. भांड्यांच्या साबणाने घासून झालं, लिंबू चोळून झालं, पण नखांच्या कडेचा गुलाबी रंग काही हटत नाही. काल भाजीवालीनं विचारलं, घरात कार्य आहे वाटतं? म्हटलं, आहे ना, कार्ट्रिजचं.

हसू नका. जरा इकडे जास्वंदीच्या सावलीला या, सांगते सगळं. गॅसवर दूध नाही ना ठेवलंय? मग ठीक.

नातवाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी आम्ही हा प्रिंटर घेतला. दर आठवड्याला काय काय चिकटवून न्यायचं असतं, कधी ज्वालामुखी, कधी अजिंठा. चार हजारांत प्रिंटर आला, सगळे खूश. दोन महिन्यांनी शाई संपली आणि दुकानात कार्ट्रिजचा भाव ऐकला. काळं साडेआठशे, रंगीत त्याच्याही वर. चार आण्याची कोंबडी न् बारा आण्याचा मसाला! आणि त्या एवढ्याशा डबीत शाई किती? चहाचा एक चमचा भरला तर भरला.

म्हणून आधी एका रिफिलवाल्याकडे दिलं. एकाचं नाव घेऊन काय करायचं, सगळ्या गल्लीत तेच. दीडशे रुपये घेतले आणि संध्याकाळी हातात ठेवलं ते आमचं नव्हतंच. आमच्यावर मी नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, डब्यांवर देते तसा. त्याला म्हटलं, ठिपका कुठाय? तर म्हणतो, काकू, शाईनं गेला असेल. शाईनं म्हणे नेलपॉलिश जातं! त्या दिवशी ठरवलं, घरीच भरायचं.

मेडिकलमध्ये पाच मिलीची सिरिंज मागितली तर पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. चिठ्ठी आहे का म्हणाला. म्हटलं, पेशंटला पाय नाहीत, तीन पोटं आहेत. शाईच्या बाटल्या भाच्याने तपकीर गल्लीतून आणल्या, शंभर-शंभर मिलीच्या. एक बाटली वीस वेळा तरी पुरते, करा हिशोब.

आमच्या दादांचं मात्र वेगळंच. नव्वदीचे आहेत, पण प्रत्येक गोष्टीत मत हवं. म्हणाले, एवढा खटाटोप कशाला, दौतीतली ओता की! मग त्यांचं सुरू झालं, दांडेकरांनी १९३१ मध्ये गिरगावात घोडा छाप शाईची पूड काढली, तिचाच पुढे कॅमल झाला, आम्ही ती पाण्यात कालवून दौती भरायचो. सगळं खरं आहे हो. पण इथली भोकं केसाहून बारीक, दौतीची शाई त्यातून कुठली जायला! प्रिंटरच्या शाईतही सोवळंओवळं असतं. आमच्या काळ्या शाईत बारीक कण तरंगतात, रंगीत मात्र पाण्यात पुरती विरघळलेली. म्हणून तर रंगीत चित्रावर पाण्याचा थेंब पडला की ओघळ येतो, काळी अक्षरं जागची हलत नाहीत. एकीची बाटली दुसऱ्यात घातली की हेड जाम झालंच समजा.

करायचं कसं, बघा. वरचं स्टिकर हलक्या हातानं उचलायचं, निम्मंच. खाली भोकं दिसतात. रंगीतमध्ये तीन कप्पे, निळा, गुलाबी, पिवळा, आणि प्रत्येकात स्पंज. आता कुठलं भोक कुठल्या रंगाचं? अंदाजानं जायचं नाही. टूथपिक घालायची नि बाहेर काढून बघायची, ढोकळा शिजला का बघतो तशी. मग सुई स्पंजात खुपसून शाई सोडायची. सावकाश, अगदी थेंब थेंब. आपण पाकात गुलाबजाम सोडल्यावर घाई करतो का? पाक मुरायला वेळ द्यावाच लागतो. इथे घाई केली की हवेचा बुडबुडा अडकतो, आणि जास्त भरलं की शाई शेजारच्या कप्प्यात उतरते. माझी बोटं पहिल्या खेपेला रंगली ती या हावेपायीच. वाटलं, आणखी एक मिली मावेल.

भरून झालं की ओल्या टिश्यूवर तोंड टेकवायचं. तीन पट्टे उमटले पाहिजेत, शेजारी शेजारी, न मिसळता. पहिल्यांदा उमटले तेव्हा मी यांना झोपेतून उठवून दाखवले. तांब्याच्या चकचकीत भागाला मात्र बोट लावायचं नाही. आणि वरची भोकं चिकटपट्टीनं गच्च बंद करायची नाहीत. मी केली होती, गळायला नको म्हणून. अर्धं पान छान आलं, मग पुसट, मग कोरं. वरून हवा आत गेल्याशिवाय खालून शाई उतरत नाही. तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो, तेच हे.

पडद्यावर अजूनही ‘शाई संपली’ असंच येतं बरं का. घाबरायचं नाही. तो आत डोकावून बघत नाही, किती थेंब उडवले एवढंच मोजतो. आपण भरलं ते त्याला कुठून कळणार!

सुईवरून आठवलं, भाचा सांगत होता. १९७७ च्या सुमाराला जपानमध्ये कॅननच्या एका संशोधकाच्या हातून सोल्डरिंगची तापलेली सळई शाईच्या सिरिंजला लागली आणि सुईच्या टोकातून शाई फुर्रकन उडाली. त्यावरून त्यांना शाई तापवून उडवायची युक्ती सुचली. आपल्या डबीतही तेच चालतं. टिकलीएवढीही नसलेली एक तापणारी जागा क्षणात तीनशे अंशांच्या घरात जाते, शाईचा बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर ढकलला जातो. म्हणजे सिरिंजमधून निघालेली गोष्ट पुन्हा सिरिंजपाशीच आली की नाही?

आता खरी बातमी. कोणाला सांगू नका. कोपऱ्यावरच्या बंगल्यातले ते बँकेतून रिटायर झालेले आहेत ना, माझं बघून त्यांनीही घरी भरलं. मुलाच्या लग्नाचा बायोडेटा छापायचा होता, फोटोसकट. गुलाबीच्या कप्प्यात अडकला बुडबुडा. नोझल चेकचं एक पान काढून बघावं की नाही? नाही! कागद वाया जातो म्हणे. आता चेहऱ्याचा रंग म्हणजे पिवळ्यावर गुलाबी. गुलाबी आलाच नाही, उरला पिवळा आणि वर निळ्याची झाक. मुलगा हिरवट! आणि तशाच दहा प्रती वाटल्या. एका स्थळाकडून फोन आला, मुलाला मध्यंतरी कावीळ झाली होती का? त्यांच्या मंडळी आठ दिवस बोलत नव्हत्या त्यांच्याशी. मला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, तुमच्यामुळे झालं. माझ्यामुळे? मी टूथपिकसुद्धा दिली होती!

काय म्हणता? असं भरणं कायद्यात बसतं का? वकिलांच्या घरात राहून मला विचारता! अमेरिकेत यावरून केवढा खटला झाला. लेक्समार्क कंपनी म्हणत होती, आम्ही सवलतीत विकलेलं कार्ट्रिज भरून परत विकायचं नाही. समोर वेस्ट व्हर्जिनियातली एक छोटी कंपनी. २०१७ मध्ये त्यांचं सुप्रीम कोर्ट म्हणालं, एकदा विकलंत ना, मग त्यावरचा तुमचा पेटंटचा हक्क संपला. विचारा की तुमच्या ह्यांना, त्यांना ठाऊक असेल.

टँकचे प्रिंटर आलेत, माहितीये मला, बाटली ओतली की झालं. पण हा चालतोय तोवर टाकवत नाही हो.

अगंबाई, तुमचं कार्ट्रिज महिनाभर रिकामंच पडलंय? आणि तसंच छापून बघितलंत चार वेळा? अहो, शाईच त्या तापणाऱ्या भागाला गार ठेवते, कोरडं चालवलं की जळतं ते. बघू, जीव असेल तर कोमट पाण्याच्या टिश्यूवर ठेवून सुटेल. उद्या चहाच्या वेळी घेऊन या. जुना गाऊन घालून या. आणि येताना माझी ती स्टीलची वाटी आणा, सांडगी मिरच्या दिल्या होत्या ती. कार्ट्रिज तिच्यातच ठेवू... नको नको, त्याला तुमचीच एखादी आणा.