यादीबाहेरचा गडी

एप्रिल उजाडला की पॅरिस-रूबे सायकल शर्यतीच्या भाकितांना ऊत येतो. सगळीकडे तीच चार नावं. खाली उरलेल्या जागेत ‘छुपे रुस्तम’ म्हणून आणखी दोघे, बहुतेक वेळा गेल्या वर्षी पाचवे आणि सहावे आलेले. हे भाकीत नव्हे. हा गेल्या वर्षीचा निकाल आहे, तारीख तेवढी नवी.

माझं म्हणणं असं की या शर्यतीत अवचित जिंकणारा माणूस सकाळपासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. भाकीत करणारे त्याच्याकडे बघतच नाहीत.

2016 आठवा. टॉम बोनन पाचव्यांदा जिंकून विक्रम करायला उतरला होता. शर्यत जिथे संपते त्या रूबेच्या वेलोड्रोममध्ये निकाल पाच जणांत लागायचा होता आणि बोननच्या पुढे चाक काढलं मॅट हेमननं. 37 वर्षांचा ऑस्ट्रेलियन, आयुष्यभर संघाचा पाणक्या. दुसऱ्यांसाठी बाटल्या आणायच्या, वारा अंगावर घ्यायचा, निकालाच्या तक्त्यात खाली कुठेतरी राहायचं. त्यातच सहा आठवड्यांपूर्वी बेल्जियममधल्या एका शर्यतीत पडून त्याचा हात मोडलेला. हात जुळेपर्यंत तो घरात होम ट्रेनरवर पायडल मारत होता. लोक म्हणाले, चमत्कार झाला. पण ही त्याची पंधरावी पॅरिस-रूबे होती! कुठल्या वळणावर दगड खचलेत, कुठे कडेची मातीची पट्टी धरायची, हे ज्याला इतक्या वर्षांत पाठ झालंय त्याचं नाव पहिल्या वीसातही न घेणं, ही चूक भाकीत करणाऱ्यांची.

दुसरं कारण याहून मोठं. हेमन त्या दिवशी सुरुवातीलाच फुटून पुढे गेलेल्या टोळीत होता.

या फुटीकडे टीव्हीवाले पहिले दोन तास वेळ काढण्यापुरतं बघतात. तिचा अर्थ समजून घ्यायला हवा. शर्यत साधारण 260 किलोमीटरची. त्यातले पंचावन्नच्या आसपास जुन्या ओबडधोबड दगडी वाटांचे, आणि त्या वाटा सुरू होतात जवळजवळ शंभर किलोमीटर झाल्यावर. प्रत्येक दगडी पट्ट्याच्या तोंडाशी मुख्य जथ्यात घुसाघुशी होते, कारण पट्टा अरुंद असतो आणि मागे राहिलेला समोरच्याच्या पडण्यात, पंक्चरमध्ये अडकतो. आरेनबर्गच्या जंगलातली सरळसोट वाट जेमतेम सव्वादोन किलोमीटरची, पण तिथे शिरताना कित्येकांचं वर्षभराचं स्वप्न मोडतं. पुढे गेलेली टोळी तिथे निवांत शिरते, आपली रेघ निवडते, आपल्या गतीनं जाते. मागचे तारे येऊन गाठतात तेव्हा ते दमलेले असतात, आणि हे अजून ताठ.

1988 मध्ये डिर्क डेमोल असाच 222 किलोमीटर पुढे राहिला आणि जिंकला. 2023 मध्ये महिलांच्या शर्यतीत कॅनडाची ॲलिसन जॅक्सन सुरुवातीच्या फुटीतूनच वेलोड्रोमपर्यंत टिकली. मागचा जथा काही सेकंदांवर आला होता, पण त्याला तिला गाठता आलंच नाही. तीन उदाहरणं पुरेत.

आता दुसरी खूण. बलवान संघातला दुसरा-तिसरा माणूस बघा. सायकलिंगमध्ये समोरच्याच्या आडोशाला राहिलं की ताकद वाचते, त्यामुळे पाठलाग कुणी करायचा हा सतत भांडणाचा विषय. 2011 मध्ये सगळ्यांचा डोळा फाबियान कान्चेल्लारावर होता. त्याच्या मागच्या चाकाला जगज्जेता थॉर हुशोव्ह चिकटून बसला आणि हातभार लावेना, कारण त्याच्याच संघाचा योहान व्हानसुमेरेन पुढे निघून गेला होता. व्हानसुमेरेननं शेवटचे काही किलोमीटर हवा जात असलेल्या टायरवर काढले आणि शर्यत जिंकली. कान्चेल्लारा दुसरा. 2001 मध्ये सर्वाइस क्नावेन जिंकला तेव्हाही मागे त्याच्याच संघाचा योहान म्युसॉ होता. आणि ज्यांना वाटतं की मॅथ्यू व्हान डर पूलनं 2023 ते 2025 अशी ओळीनं तीन वर्षं जिंकून हा सगळा हिशेब संपवला, त्यांनी दुसऱ्या क्रमांकाकडे बघावं. 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी तिथे यास्पर फिलिप्सन. व्हान डर पूलच्याच संघाचा, सपाट रस्त्यावरचा वेगवान गडी. नायक पुढे पळालेला असताना त्याला मागे कष्ट करायचं कारणच नव्हतं.

शरीराचंही बघा. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यत म्हटली की बोरघाट आठवतो आणि घाटात हलका माणूस पुढे जातो. रूबेच्या वाटेवर घाट नाही. डोंगरातल्या शर्यतीत मागे पडणारा जडशीळ गडी इथे दगडांवर ठाम बसतो. 2004 चा विजेता माग्नुस बॅकस्टेट नव्वद किलोंच्या आसपासचा होता. म्हणून मार्चमधल्या चढाच्या शर्यतींचे निकाल बघून इथली नावं ठरवणं मला पटत नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. पाऊस पडला की अनुभवाचा हिशेब मोडतो. 2021 ची शर्यत साथीमुळे ऑक्टोबरात गेली आणि चिखलात झाली. पहिले तिघे, सोनी कोलब्रेली, फ्लोरियन फेर्मीर्श आणि व्हान डर पूल, तिघंही पहिल्यांदाच ही शर्यत धावत होते. चिखलात जुनी रेघ दिसत नाही. सायकल घसरली तरी न घाबरणारा टिकतो. आदल्या रात्रीपर्यंत हवामान बघितल्याशिवाय माझी यादी मी पक्की करत नाही.

तेव्हा पुढच्या एप्रिलात एवढं करा. भाकितं बाजूला ठेवा, शर्यत सुरुवातीपासून लावा. पहिल्या दोन तासांत फुटून गेलेल्यांची नावं कागदावर लिहा. त्यात ज्यानं ही शर्यत दहा वेळा तरी धावली असेल आणि ज्याच्या संघाचा मोठा तारा मागच्या जथ्यात असेल, त्याच्या नावाखाली रेघ मारा. वेलोड्रोम येईपर्यंत तो कागद हाताशी असू द्या.