एक टन पाणी, तीन कोटेशनं

जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहून घरात सहा फुटी फिश टँक ठेवण्याची इच्छा ज्यांना होते, अशा धाडसी गृहस्थांसाठी हे मार्गदर्शन आहे. इमारत गिरगाव-लालबागच्या धर्तीची धरली आहे: सागवानी तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर कोबा, कोब्यावर लादी आणि लादीवर तीन पिढ्या. टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी आपापल्या सेक्रेटरीशी भांडावं.

आधी वजन काढावं. मासे हलके असतात हे खरं, पण ते पाण्यात राहतात. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत साधारण 680 लिटर पाणी मावतं, म्हणजे 680 किलो. 12 मिलिमीटरची काच घेतली तर तिचे सव्वाशे किलो. वर वाळू, दगड, लोखंडी स्टँड. सगळं मिळून जवळपास एक टन, आणि तो टेकणार 12 चौरस फुटांवर. आयएस 875 या भारतीय मानकात राहत्या खोलीला चौरस मीटरमागे साधारण 200 किलो वापराचा भार धरतात. टाकीखाली तो चौपट होतो. शिवाय ते मानक पहिल्यांदा निघालं 1957 साली. आपली इमारत त्याहून वयाने मोठी असल्यामुळे ती त्याचं काही ऐकेलच असं नाही.

आता कोटेशनं मागवावीत. तीनच का, हे विचारू नये.

पहिलं व्हॉट्सॲपवर येतं. ‘फ्लोर स्ट्रेंथनिंग काम, मटेरियलसकट, लमसम’ आणि पुढे एक गोल आकडा. हे कोटेशन सर्वांत स्वस्त असतं, कारण त्यात काय करणार हे लिहिलेलं नसतं. दुसरं किलोवर असतं: गर्डर अमुक रुपये किलो, फिटिंगसकट. दर वाचून बरं वाटतं. किलो किती, ते मात्र बिलातच कळतं. म्हणून आकारासकट लिहून घ्यावं. सहा इंची गर्डर मीटरला साधारण 15 किलो भरतो. 12 फुटी दोन गर्डर म्हणजे 110 किलो, वर प्लेटा आणि बोल्ट. बिलात 300 किलो दिसले तर वजनकाट्याची पावती मागावी. तिसरं कोटेशन स्पायरल बायंडिंग करून येतं. त्यात मायक्रोकाँक्रीट जॅकेटिंग असतं, रंगीत फोटो असतात, दहा वर्षांची गॅरंटी असते. आपल्याकडे जॅकेट घालायला काँक्रीटच नाही, एवढीच अडचण.

तिघेही पाहणीला येतात तेव्हा खरी तुलना सुरू होते. कोण काय मोजतो ते बघावं. लादीवर टाच आपटून ‘मजबूत आहे, साहेब’ म्हणणाऱ्याला चहा द्यावा, काम देऊ नये. टाकी भिंतीलगत आणि तुळयांना आडवी ठेवा, म्हणजे भार तीन-चार तुळयांत वाटला जाईल, असं जो आपणहून सांगेल त्याचं नाव वहीत लिहावं. आणि जो मोरी कुठे आहे विचारेल, त्याच्या नावाखाली रेघ मारावी. तुळई कुजते ती बहुधा भिंतीत रुतलेल्या टोकाशी, त्यातही मोरीच्या बाजूला, जिथे ओल वर्षानुवर्षं मुरते. जाणता कारागीर खिशातून पेचकस काढतो आणि टोकाशी खुपसतो. खट्ट वाजलं तर ठीक. पेचकस मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर तपकिरी भुसा सांडला, तर प्रश्न माशांचा राहत नाही.

या टप्प्यावर एक जण हमखास म्हणतो, ‘गणपतीत इथे पन्नास माणसं आरतीला उभी राहतात, काही झालं का?’ युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण आरतीची माणसं खोलीभर पसरतात आणि प्रसाद घेऊन घरी जातात. टाकी एकाच जागी बारा महिने उभी असते, आणि लाकूड कायमच्या ओझ्याखाली हळूहळू वाकत जातं.

आता सर्वांत महत्त्वाची बाब, जी एकाही कोटेशनमध्ये नसते: खालच्या काकू. आपली जमीन मजबूत करायची म्हणजे त्यांच्या छताचं काम करायचं. टेकू त्यांच्या हॉलमध्ये लागणार, छताच्या फळ्या तिथे निघणार, धूळ त्यांच्या देव्हाऱ्यावर बसणार आणि गर्डर जन्मभर त्यांच्या डोक्यावर दिसणार. गर्डरखाली खांब द्यायचा म्हटलं, तर तो उभा राहील काकूंच्या जमिनीवर, म्हणजे तळमजल्यावरच्या वाण्याच्या छतावर. तेही आपल्याइतकंच जुनं. म्हणून गर्डरची टोकं कशावर बसणार, हे लेखी मागावं. टेकू, छत पूर्ववत करणं, रंग, डेब्रिज उचलणं आणि काकूंचं कपाट हलवणं या ओळी तिन्ही कोटेशनांत घालायला लावाव्यात. मग लमसमवाल्याचा आकडा स्पायरलवाल्याच्या शेजारी जाऊन बसतो.

घरमालकाची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही यांना पर्याय नाही. इंजिनीअर बहुधा चार फुटी टाकी घ्या म्हणेल. दीड फूट रुंद आणि तेवढ्याच उंच टाकीत 255 लिटर मावतात. हा सल्ला कंत्राटदार देत नाही, कारण त्यात गर्डर नाही.

एवढं करूनही सहा फुटीच हवी असेल, तर ज्याने काकूंकडे आधी जाऊन छत बघितलं त्यालाच काम द्यावं. टाकी भरण्याआधी त्यांच्या छताखाली भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी ताणून अंतर मोजून ठेवावं, मग पाणी थोडं थोडं चढवावं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मोजावं. शेवटचा हप्ता तोपर्यंत कोणी कितीही फोन केले तरी देऊ नये.