गजर, ब्रश, आरसा

गजर वाजतो. पांघरुणातून हात बाहेर येतो. मग ब्रश, आरसा, चहा आणि वरून नायकाचा आवाज, ‘मी एक साधा माणूस...’ कॉलेजच्या स्पर्धांमधले कितीतरी लघुपट असेच सुरू होतात. दहा मिनिटांतली दोन इथेच संपतात आणि हा माणूस इतरांपेक्षा वेगळा कसा, हे काही कळत नाही. दोष बजेटचा नाही, लिहिण्याचा आहे.

याउलट आल्बेर लामोरिसचा ‘द रेड बलून’ हा लघुपट पाहा, 1956चा, 34 मिनिटांचा. पॅरिसच्या मेनिलमाँताँ वस्तीत एक पोरगा शाळेला निघालाय. वाटेत मांजर दिसतं. तो थांबतो, त्याला कुरवाळतो, पुढे जातो. मांजराचं गोष्टीत पुढे काहीच काम नाही, आणि म्हणूनच त्या पोरावर विश्वास बसतो. कुणी सांगितलेलं नसताना, काही मिळणार नसताना तो थांबला. पुढे दिव्याच्या खांबाला अडकलेला लाल फुगा तो सोडवतो, पाऊस आल्यावर अनोळखी माणसांच्या छत्र्यांखाली त्याला आसरा मिळवून देतो, तेव्हा यात आपल्याला काही खोटं वाटत नाही. संवाद जवळजवळ नाहीतच. तरी मूळ पटकथेचं ऑस्कर या फिल्मला मिळालं! पटकथा म्हणजे संवाद असं समजणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

आपल्याकडे अशा जागा काय कमी आहेत? एसटीत शेजारी पेंगतोय, त्याची मान आपल्या माणसाच्या खांद्यावर आलीय. कंडक्टर येतो. खिसा त्याच बाजूचा. आपला माणूस खांदा न हलवता दुसऱ्या हाताने, वाकडंतिकडं होत सुटे पैसे काढतो. झालं की! आता ‘तो फार मायाळू होता’ हे वाक्य खोडा.

फक्त तिथे क्लोजअप लावून खाली बासरी वाजवू नका. सूक्ष्म वागणं अधोरेखित केलं की ते दिग्दर्शकाचं होतं, पात्राचं राहत नाही. प्रेक्षकाला ते स्वतः टिपू द्या, एखाद्याच्या नजरेतून सुटलं तरी चालेल.

स्पर्धेला फिल्म पाठवण्याआधी पहिलं मिनिट आवाज बंद करून, पटकथा न वाचलेल्या एखाद्याला दाखवा. माणूस कसा वाटला, एवढंच विचारा. उत्तरात नुसते कपडे आणि खोली आली, तर पहिलं पान पुन्हा लिहायला बसा.