आठाने भागा

इंटरनेट कंपन्या खोटं बोलतात, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. तो आज दूर करू. त्या अगदी खरं बोलतात. फक्त कोणत्या मापात बोलतात, हे आपण विचारत नाही.

जाहिरातीत '१०० एमबीपीएस' असं ठसठशीत छापलेलं असतं. जोडणी द्यायला आलेला पोरगा राउटरला जवळजवळ चिकटून उभा राहतो आणि मोबाइलवर स्पीड टेस्ट लावतो. काटा सर्रकन चढतो. "बघा काका, अठ्ठ्याण्णव!" काका खूश. मग काका लॅपटॉपवर एक फाइल उतरवायला घेतात. तिथे आकडा बारा.

"अरे, इथे बाराच दाखवतंय!"

"ते एमबी आहे काका. हे एमबीपीएस."

"म्हणजे फरक काय?"

"एकदा राउटर बंद करून चालू करा."

फरक आठपटीचा आहे आणि तो राउटर बंद करून जात नाही. वेग सांगतात बिटात, फाइल मोजतात बाइटात आणि आठ बिटांचा होतो एक बाइट. १०० भागिले ८, साडेबारा. त्यातलाही थोडा वेग प्रत्येक पॅकेटवरचा नावपत्ता वाहण्यात जातो. राहिले बारा. म्हणजे एक जीबीचा सिनेमा दहा सेकंदांत येईल या हिशेबाने काकांनी काकूंना हाक मारली असेल, तर ऐंशी सेकंद दोघांनी एकमेकांकडे बघायचं.

यात अभियंत्यांना बोल लावू नये. तारेतून बिटामागून बिट जातो, म्हणून तारवाल्यांनी बिट मोजले. बाइट ही संगणकवाल्यांची सोय. १९६४ साली आलेल्या आयबीएम सिस्टिम/३६० नंतर तो आठ बिटांचा म्हणून रुळला. दोन्ही मापं आपापल्या जागी चोख. कमाल आहे ती विक्री विभागाची. एकाच प्लॅनच्या एकाच जाहिरातीत वेग बिटात आणि कोटा बाइटात! आठ कोळव्यांचा शेर, हे आपल्या पणजीला पाठ होतं. पण धान्य उपसायचं कोळव्याने आणि कणगीचा हिशेब ठेवायचा शेरात, असं झालं तर कणगीचा तळ कधी दिसणार हे तिलाही चटकन सांगता आलं नसतं.

आपण सांगू. वेग ५०० एमबीपीएस, कोटा दिवसाला २ जीबी. दोन जीबी म्हणजे १६,००० मेगाबिट. भागिले ५००. बत्तीस सेकंद! पूर्ण वेगाने वापरलंत तर दिवसाचं इंटरनेट चहा गाळून होईपर्यंत संपलं. उरलेला दिवस ६४ केबीपीएसवर काढायचा, म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट. या चालीने तोच एक जीबीचा सिनेमा पावणेपस्तीस तासांत उतरतो. मध्यंतर कुठे घ्यायचं ते आपलं आपण ठरवावं.

सरकारही या गणितात मागे नाही. २००४ च्या धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं. आठाने भागलं की सेकंदाला बत्तीस किलोबाइट. २०१८ च्या धोरणात २०२२ पर्यंत प्रत्येक नागरिकाला ५० एमबीपीएस देण्याचं उद्दिष्ट जाहीर झालं. २०२२ सरलं आणि जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा वाढवली. किती? २ एमबीपीएस. उद्दिष्ट पन्नासाचं, व्याख्या दोनाची. इथे आठाने भागूनही उपयोग नाही, पंचविसाने भागावं लागतं.

शिवाय जाहिरातीतल्या शंभराला 'पर्यंत' नावाचं शेपूट असतं, मुंगीच्या अक्षरात. शंभर एमबीपीएस'पर्यंत'. त्यात बारा बसतात, दोनही बसतात आणि पावसाळ्यात शून्यही बसतं. बिलावर मात्र हे शेपूट कधी दिसत नाही. तिथे ८०० रुपये म्हणजे ८०० रुपये, वर जीएसटी. ग्राहकाने उद्या ८०० रुपयांपर्यंत भरायचं ठरवून शंभराची नोट पुढे केली, तर कंपनीला मापातला फरक तत्काळ समजेल.

तोवर एवढंच करा. पुढचा प्लॅन घेण्याआधी जाहिरातीतल्या आकड्याला आठाने भागा, कोटा किती मिनिटं टिकेल ते काढा आणि विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "'पर्यंत' किती ते कळलं, कमीत कमी किती, ते लिहून देता का?"