बोडक्या रोपाची बाजू

दिवाळीच्या फराळाच्या डब्यात चुरा तेवढा उरला, की पुण्यातल्या नर्सऱ्यांमध्ये पिटुनिया, डायन्थस, फ्लॉक्स, ॲस्टर ही मंडळी काळ्या पिशव्यांत उभी दिसू लागतात. हंगामी फुलझाडं. थंडीभर फुलायचं, बी धरायचं आणि उन्हाळा तापला की गाशा गुंडाळायचा, एवढाच त्यांचा कार्यक्रम. बियांपासून सुरुवात करायला धीर लागतो. पिटुनियाचं बी तर इतकं बारीक, की पेरताना शिंक आली तर त्या वर्षाची बाग शेजारच्या गच्चीत. म्हणून तयार रोपं आणायची.

ती निवडताना घरात फूट पडते. मी उचलतो ते रोप बुटकं, जाड खोडाचं आणि साफ बोडकं. आमची ही उचलते ते डवरलेलं. “फूलच नाही, तर रंग कसा कळणार?” यावर माझ्याकडे उत्तर नाही. फुललेल्या रोपाची ताकद फुलांतच खर्च होते, मुळं पिशवीत गोल गोल फिरून गुंतलेली असतात, नव्या कुंडीत ते रुसून बसतं, हे सगळं मी सांगतो. नर्सरीवाला मान डोलावतो आणि डवरलेलं रोप बांधून देतो. पाकीट कोणाकडे आहे, हे त्याला बरोबर कळतं.

ही रोपं हिरव्या जाळीखाली लाडात वाढलेली. एकदम भर उन्हात ठेवली की माना टाकतात. चार-पाच दिवस थोडं थोडं ऊन दाखवायचं, मग उन्हं कलल्यावर मातीचा गोळा न फोडता लावायची आणि भरपूर पाणी द्यायचं. इथपर्यंत घरात शांतता असते.

खरी ठिणगी पडते झेंडूच्या शेंड्यावरून. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते बाजूच्या डोळ्यांना फुटू देत नाही. थोरले काका बैठकीत असेपर्यंत धाकट्यांनी तोंड उघडायचं नाही, तसला प्रकार. शेंडा गेला की बाजूच्या फांद्या फुटतात, फुलं जरा उशिरा येतात, पण झाड भरून येतं. आईला हे पटत नाही. “वाढत्या झाडाला नख लावू नये रे!” आणि शेंड्यावर कळी दिसत असेल, तर मग जेवणात मीठसुद्धा मोजून पडतं.

एवढं सोसून झेंडू फुलतो, आणि पहाटे कुंपणापाशी सोसायटीतले एक काका पिशवी घेऊन हजर! देवासाठी म्हणून. यात संतापजनक भाग असा, की शास्त्र काकांच्या बाजूने आहे. फूल झाडावरच सुकून बी धरलं, की झाडाला आपलं काम झाल्यासारखं वाटतं आणि नवी फुलं कमी होतात. खुडत राहिलं तर ते पुन्हा पुन्हा फुलतं. म्हणजे मशागत माझी, पुण्य त्यांचं, वर उपकारही त्यांचेच.

तेव्हा काका, एक विनंती. ताजी नेताच आहात, तर शेजारची सुकलेलीही खुडत चला. फांदी ओढू नका, देठ नखाने तोडा. आणि पिटुनियाला हात लावू नका. तो हिचा आहे.